मंडईच्या दिवशी "कोण गाव" विचारत नाहीत

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे बरं का. तिकडं पुण्याकडचे लोक तसं समजतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. ही आमची जत्रा. आज या गावची, उद्या त्या गावची, पाळी ठरलेली असते. धान कापणीला आलेलं असतं, हातात थोडी सवड असते, आणि सारा मुलूख एकमेकांच्या गावाला पाहुणा म्हणून निघतो. दंडारवाले, म्हणजे आमचे नाचगाण्याचा खेळ करणारे, ढोलकीवर नाचतात, पाळणे लागतात, जिलेबी तळली जाते, तळ्यातले शिंगाडे उकडून टोपल्या भरून विकायला येतात. आणि घरोघरी चुलीवर कढई चढलेली राहते ती दिवसभर उतरत नाही.

त्या दिवसाची एक रीत आहे. दारात आलेल्या माणसाला पाणी, चहा, खाणं झाल्याशिवाय "कोण गाव, कोणाकडचे" असं विचारायचं नाही. विचारलं म्हणजे ओळखलं नाही असं झालं. आणि आमच्यात नात्याचं जाळं एवढं की ज्याला ओळखलं नाही तो नेमका नवऱ्याच्या आत्याच्या दिराचा साळा निघतो, आणि मग पुढची दहा लग्नं तो ते बोलून दाखवतो. म्हणून आपलं हसायचं, "या, बसा" म्हणायचं आणि ताट वाढायचं. कोण होते ते मागून कळते. कधी कधी कळतही नाही.

दुसरी रीत अशी की मुलगी पाहायलाही याच दिवशी येतात. ठरवून, पण न ठरवल्यासारखं. "मंडई पाहायले आलो" म्हणायचं, घरात बसायचं, पोरगी चहा आणते, तिला पाहून घ्यायचं आणि निघायचं. जमलं तर निरोप येतो. नाही जमलं तर कोणी कोणाला पाहिलंच नव्हतं. दोन्ही घरांची अब्रू राहते. माझंही असंच झालं होतं, पण ते राहू द्या, आज नातीचं सांगायचं आहे.

नात गोंदियाला एम. ए. करते, मानसशास्त्रात. रोज दवनीवाड्याहून गाडी धरते. तिच्याजवळ एक जाड पुस्तक आहे, माणूस दुसऱ्या माणसाला कसा पाहतो, त्याच्याबद्दल काय धरून चालतो आणि मग त्याच्याशी कसा वागतो, हे सारं त्यात आहे. परीक्षा आली की ती मोठ्यानं वाचते, आणि मी भाजी निवडत ऐकते. मला शाळा फार मिळाली नाही, पण नातवंडांची पुस्तकं ऐकून आणि मग चष्मा लावून स्वतः वाचून माझं बरंच शिकणं झालं. इतिहास मला रुचत नाही, सारखे मरतात. हे पुस्तक मात्र गोड लागलं. त्यातली माणसं म्हणजे आमची आळीच.

एक दिवस ती वाचत होती, की माणसाची एक गोष्ट मनात भरली की त्याच्या बाकीच्या गोष्टीही आपल्याला चांगल्याच दिसू लागतात. कपडे चांगले तर बोलणं चांगलं, बोलणं चांगलं तर मन चांगलं. मी म्हटलं, "हे लिहायले एवढं जाड पुस्तक कायले पाहिजे वं? मले विचारलं असतं."

ती म्हणाली, "आजी, माहीत असलं तरी माणूस तेच करते. मजा त्याच्यातच आहे."

हे ती म्हणाली तेव्हा हसून म्हणाली. नातीचं हसणं मोठं आहे. चार घरं ऐकू जाते. मागच्या साली एक स्थळ आलं होतं, शिकलेली माणसं. अर्धा घंटा बसली. नात कशाला तरी हसली, आणि मागून निरोप आला की मुलगी जरा उथळ वाटली. माझ्या सुनेनं दोन दिवस पोरीशी धड बोलणं टाकलं. तेव्हा नातीनं आम्हाला सांगून टाकलं, "मले अर्ध्या घंट्यात पाहून कोणी ठरवलं ते मले चाललं नाही. मी पण कोणाले तसं ठरवणार नाही. यापुढं माणूस मी स्वतः पाहीन, नीट पाहीन, तेव्हा हो म्हणीन. नाही तर मले बसवूच नका."

माझा मुलगा म्हणाला, "हाव, हाव." बाप लोक असं म्हणतात तेव्हा ते कबूल नसते, फक्त जेवण संपवायचं असते.

तर यंदा आमच्या मंडईला तिरोड्याकडचं एक स्थळ येणार होतं. माझा धाकटा भाऊ तिकडं राहतो, त्यानंच जमवून आणलं. मुलगा तिकडं वायरमनचं काम करतो, घरची धानाची शेती, आईबाप सरळ. भावाला मी म्हटलं, मोबाईलवर फोटो पाठव. त्याच्याकडं बटनाचा फोन. तो म्हणे, "बाई, माणसं येऊन राहिली ना, मग फोटो कायले?" मुलगा येणार नव्हता, त्याचे आईवडील तेवढे येणार होते. पांढऱ्या गाडीनं येतील, दुपारच्या आत येतील, आणि मी मागून येतो, असा भावाचा निरोप.

घरात तीन दिवस तयारी. ओसरी सारवली, नवी चादर काढली. माझ्या मुलानं कुठून तरी दोन गादीच्या खुर्च्या आणल्या. सून सकाळपासून सुवाऱ्या लाटत होती. सुवारी म्हणजे आमच्याकडची पुरीच म्हणा, पण सणाची. नातीला साडी नेसवून आत बसवलं आणि सुनेनं तिला दोन वेळा बजावलं, "हसायचं नाही."

पांढरी गाडी आली. अगदी वेळेवर, आमच्याच दारापुढं उभी राहिली. त्यातून पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ उतरले, डोळ्यावर काळा चष्मा लावलेल्या एक बाई उतरल्या. मुलगा धावत गेला. "या, या, बसा." गादीच्या खुर्च्या मिळाल्या. पाणी, चहा, मग ताटं.

गृहस्थ बोलत नव्हते. मुलगा आत येऊन म्हणाला, "किती गंभीर माणूस आहे." त्यांनी वडे आणखी मागितले. मुलगा म्हणाला, "मोकळे आहेत, आपलं घर समजून राहिले." बाईंनी नाकाला रुमाल लावला. सून म्हणाली, "स्वच्छतेची आवड दिसते." आमचं कुत्रं गृहस्थांवर भुंकत सुटलं, तर मुलानं कुत्र्यालाच दोष दिला. दोघं मधून मधून हिंदीत बोलत होते. आमच्याकडं हिंदी कोण बोलत नाही? गोंदियात तर बाजार सारा हिंदीतच होतो. पण सुनेला त्यातही थोरपणा दिसला. "मोठ्या लोकात उठबस असंल," म्हणाली.

नात चहा घेऊन गेली. मान खाली, ओठ दाबलेले. बाईंनी तिला पाहिलंसुद्धा नाही, त्या मोबाईल पाहत होत्या. नात परत आत आली, ट्रे ठेवला आणि मला म्हणाली, "आजी, माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही, तर काय पाहून जातील?"

मी म्हटलं, "सवड नसंल." पाहा, मीही त्याच गाडीत बसलेली.

आणि आणखी एक गोष्ट मी पाहिली, ती त्या पुस्तकातही आहे. गृहस्थ आले तेव्हा खांदे पाडून, जरा बावरलेले आले होते. जसजसे आम्ही वाकून वाढू लागलो तसतसे ते ताठ होत गेले. तिसऱ्या ताटापर्यंत पायावर पाय आला. मुलाला पावसापाण्याबद्दल उपदेश सुरू झाला. आम्ही मोठं मानलं म्हणून ते मोठे झाले, आणि मोठे दिसले म्हणून आम्ही आणखी वाकलो. असा तो रहाट फिरत होता.

याच सुमाराला आणखी एक जोडपं दारात आलं होतं. चालत. पायावर धूळ, बाईच्या हातात उकडलेल्या शिंगाड्याची थैली. माणूस अंगानं बारीक, डोक्याला दुपट्टा. "मंडई पाहायले आलो," म्हणाले. त्या दिवशी तसे सकाळपासून कितीतरी येऊन गेले होते. मुलानं "बसा, बसा" म्हटलं आणि ओसरीच्या कडेला हात दाखवला. चहा दिला, पण कपात नाही, ग्लासात. तो माणूसही बोलत नव्हता. पण या वेळी मुलगा म्हणाला, "मख्ख दिसते."

एक माणूस चूप तर गंभीर, दुसरा माणूस चूप तर मख्ख.

गल्लीतली पोरं पांढऱ्या गाडीभोवती खेळत होती. मुलाला काळजी, पाहुण्यांच्या गाडीवर ओरखडा पडला तर? तो त्या दुपट्टेवाल्याला म्हणाला, "मामाजी, रिकामेच बसले आहात तर त्या गाडीकडं जरा लक्ष देता का?" तो माणूस उठला, गाडीजवळ जाऊन उभा राहिला आणि पोरांना हाकलू लागला.

आत सून घामानं न्हाली होती. गादीवरचे पाहुणे खाता खाता थांबत नव्हते आणि लाटायला हात पुरत नव्हते. शिंगाडेवाली बाई पाणी मागायला आत डोकावली. सुनेनं मागं न पाहताच म्हटलं, "बाई, बसा ना जरा, चार लाटू लागा." आमच्यात यात वावगं काही नाही. मंडईच्या घरात जी बाई येईल तिच्या हाती लाटणं जाते. तिनं पदर खोचला आणि बसली.

नातीनंही साडी खोचली आणि तिच्या बाजूला बसली. मी दारात बसून दोन्हीकडं पाहत होते.

बाई म्हणाली, "कोणाची तयारी आहे पोरी, एवढी साडी नेसून?"

नात म्हणाली, "मले पाहायले आले आहेत. बाहेर बसले आहेत ते."

"बरं? कसे वाटले?"

"काय माहीत. त्यांनी मले पाहिलं नाही, मी त्यांना पाहिलं नाही. दोघांनी वडे पाहिले."

ती बाई जी हसली, जी हसली, पिठाच्या परातीवर कोसळायची बाकी होती. आणि तिच्यामागून आमची नात. ते चार घरं ऐकू जाणारं हसणं. सुनेनं डोळे वटारले, भिंतीकडं बोट दाखवलं, पलीकडं पाहुणे आहेत म्हणून. पण आता ते थांबणार नव्हतं. बाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "असं हसणारं माणूस घरात असलं म्हणजे जेवण पचते, पोरी."

तेवढ्यात समोरचा शेजारी दारात आला. कपाळावर आठ्या. "काय गा, माझे बालाघाटचे पाहुणे तुझ्याकडं काय करून राहिले? मी सकाळपासून त्यांची वाट पाहून राहिलो."

मुलगा म्हणाला, "कोणते पाहुणे?"

शेजाऱ्यानं गादीच्या खुर्चीकडं पाहिलं. गृहस्थांनी पायावरचा पाय खाली घेतला. शेजाऱ्याच्या साळ्याची कोणी नवी सोयरी माणसं होती ती, पहिल्यांदाच आलेली. चौकात कोणी तरी हात दाखवला "तिथं" म्हणून, ती आमच्या दारात थांबली. आम्ही बसवलं, वाढलं. त्यांना वाटलं हेच घर. आम्हाला वाटलं हेच स्थळ. विचारायचं तर कोणी कोणाला नाही. गृहस्थ उठता उठता माझ्या पाया पडले, "अम्मा, खाना बहुत बढ़िया था," म्हणाले आणि लाजत रस्ता ओलांडून गेले. शेजारणीनं त्यांच्यासाठी कोंबडं कापलं होतं, तिचा चेहरा काय झाला असंल ते तुम्हीच समजा.

मुलगा मला म्हणाला, "मग आपले कुठं आहेत?"

आणि तेव्हाच माझा भाऊ सायकल टेकवून आत आला. आधी त्यानं बाहेर गाडीजवळ पाहिलं, मग थेट चुलीपर्यंत आला आणि म्हणाला, "अवं विहीणबाई, तुम्ही इथं पिठात काय करून राहिल्या? आणि आमचे पाव्हणे बाहेर कोणाची गाडी राखून राहिले?"

लाटणं तसंच राहिलं. सुनेच्या हातून झारा पडला. माझा मुलगा तर असा उभा होता की कोणी फुंकर मारली असती तर पडला असता. त्यांची गाडी पोराच्या काकाच्या दोस्ताची होती, ती ऐन वेळी मिळाली नाही, म्हणून ते बिचारे वडाप जीपनं चौकापर्यंत येऊन पुढं चालत आले होते. आणि रीतीप्रमाणं म्हणाले होते, मंडई पाहायले आलो.

दुपट्टेवाले वडील आत आले. मुलगा हात जोडून काही बोलणार, तर तेच शांतपणे म्हणाले, "गाडीले ओरखडा नाही पडू दिला."

पहिली हसली ती नात. मग आम्ही सारे. मुलगा सोडून. त्याला काही हसू आलं नाही. "गेलं," म्हणायचा, "हातचं स्थळ गेलं. माणसाले गाडी राखायले लावली मी."

मी त्याला म्हटलं, "त्यांना पांढरी गाडी असती आणि बालाघाटवाले चालत आले असते, तर तू बालाघाटवाल्याले उभं केलं असतं. तुझं काही त्या माणसाशी वैर नव्हतं." तो म्हणाला, "आई, तू त्या पोरीच्या पुस्तकातलं नको सांगू मले."

दुसऱ्याच दिवशी भावाचा फोन आला. त्यांना मुलगी पसंत. मुलाच्या आईनं म्हटलं म्हणे, पोरगी पाहिली, तिचं हसणं पाहिलं, हात पाहिला, आता आणखी काय पाहायचं. माझ्या मुलाच्या जिवात जीव आला. तो लगेच म्हणाला, "हो कळव. एवढं होऊन त्यांनी हो म्हटलं, आता आपण काय पाहायचं राहिलं?"

नात म्हणाली, "मी नाही पाहिलं."

"आईबाप पाहिले ना."

"लग्न आईशी असतं तर मी आत्ता हो म्हटलं असतं."

बापलेकीची त्यावर चांगलीच जुंपली. मुलाचं म्हणणं, चांगलं स्थळ ताटकळत ठेवायचं नाही, आठवड्यात उत्तर दे. नातीचं म्हणणं, मी सांगितलं होतं मागच्याच साली. मग मला एकटीला गाठून तिनं खरी गोष्ट सांगितली. त्या दिवशी पाहुणे निघताना तिनं त्या शिंगाडेवाल्या माउलीच्या कानात विचारलं होतं, "तुम्ही जशी मले पाहिली, मी कोण ते न ठरवता, तसं मले तुमच्या पोराले पाहता येईल का?" ती म्हणाली होती, "आमची मंडई पुढच्या हप्त्यात आहे. ये. तो माईकच्या वायरीपाशी सापडंल, दंडारीच्या मांडवाजवळ. मी नाही सांगत कोणाले."

मग काय, भावाच्या घरी जातो म्हणून आम्ही दोघी निघालो. खोटं नव्हतं, भाऊ वाटेतच राहतो.

त्यांच्या गावची मंडई तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर भरते. ऊन होतं. मांडवात दंडारवाले नाचत होते, दुरून कुठून आलेले, घामानं रंग उतरलेला. मांडवाच्या बाजूला जनरेटर, आणि तिथं वायरींच्या गुंत्यात एक उंच पोरगा उभा. एका पायात चप्पल, दुसरी तुटून बाजूला पडलेली. दातात टेप, हातात पक्कड. मागं काही खुर्च्या रिकाम्या.

नात पुढं गेली. "भाऊ, आजीले बसायले एक खुर्ची देता का?"

त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. दातातली टेप काढून म्हणाला, "खुर्च्या दंडारवाल्यांसाठी आहेत. तिकडं सतरंजी आहे, तिथं बसा." आणि पुन्हा वायरीत डोकं.

नात लाल झाली. माझा हात धरून म्हणाली, "चल आजी. पाहिलं."

"काय पाहिलं?"

"म्हाताऱ्या माणसाशी बोलायची पद्धत पाहिली. आणखी काय पाहायचं?"

मी तिथंच सतरंजीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. म्हटलं, "शिंगाडे घेऊन ये आधी."

ती घेऊन आली, फणकाऱ्यातच. सोलता सोलता मी म्हटलं, "तुझ्या पुस्तकात ते कोणतं आहे वं, की आपण चिडलो तर म्हणतो ऊन लागलं, भूक लागली, आणि दुसरा चिडला तर म्हणतो याचा स्वभावच खराब?"

तिनं शिंगाड्याचं साल जोरात ओढलं.

"अर्ध्या घंट्यात ठरवणारे तुले चालले नाहीत. तुले तर अर्धं मिनिटही नाही लागलं."

"आजी, तू माझ्या बाजूची आहेस का त्याच्या?"

"मी सतरंजीवर आहे. शिंगाडा खा."

मग आम्ही पाहत बसलो. एक पोरगं येऊन म्हणालं गाणं लावा, त्याला हाकललं. एक बाई आली, हरवलेल्या पोराचं नाव पुकारा म्हणाली, त्यानं ते लगेच पुकारलं. माईक दोनदा बंद पडला आणि गावानं दोन्ही वेळा त्याच्याच नावानं शिव्या दिल्या. तुटक्या चपलेच्या पायानं तो तापल्या मुरमावर उड्या मारत इकडून तिकडं. नात आता त्याच्याकडं पाहत होती, रागानं नाही, नीट पाहत होती.

तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. खरं सांगते, मला वाटलं आमची पाठ धरून आली की काय. त्यातून कोणी मोठे गृहस्थ उतरले, मागंपुढं चार माणसं. त्यातला एक मांडवाजवळ येऊन म्हणाला, "ए भाऊ, साहेबांना खुर्ची दे. लौकर."

पोरानं वर पाहिलं नाही. दातातली टेप काढली. "खुर्च्या दंडारवाल्यांसाठी आहेत. तिकडं सतरंजी आहे, तिथं बसा."

तेच शब्द. तोच आवाज. एक मात्रा इकडची तिकडं नाही. तो माणूस म्हणाला, "अरे, साहेब आहेत." हा म्हणाला, "हे सकाळपासून नाचून राहिले, साहेब गाडीतून आले." आणि टेप परत दातात.

साहेब भले निघाले. हसून सतरंजीवर येऊन बसले, माझ्याच बाजूला. मी त्यांना शिंगाडा दिला. कोण गाव ते विचारलं नाही.

आणि आमची नात हसली. अडवलं तरी अडलं नसतं असं, तळ्याच्या पाळीवरून पाखरं उडावीत असं. पोरानं पहिल्यांदा मान वर केली. "हसायले काय झालं जी?"

नात उठून त्याच्यापाशी गेली. मला सारं ऐकू येत होतं. माझे कान अजून चांगले आहेत, गरजेला.

"काही नाही. मागच्या हप्त्यात तुमच्या आईनं आमच्या घरी सुवाऱ्या लाटल्या."

तो पक्कड हातात घेऊन तसाच उभा राहिला. कान लाल. मग माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"म्हणजे... आमच्या बाबानं जिथं गाडी राखली, ते घर?"

"हाव. ओरखडा नाही पडला."

आता तो हसला. मग एकदम त्याला काही आठवलं, घाईघाईनं एक खुर्ची उचलून माझ्याकडं यायला लागला. "आजीले खुर्ची देतो, मले माहीत नव्हतं..."

नातीनं खुर्चीची पाठ धरली. "राहू द्या. खुर्च्या दंडारवाल्यांच्या आहेत."

तो थांबला. खुर्ची जिथली तिथं ठेवली. तेवढ्यात नाच संपला, दंडारवाले धापा टाकत येऊन खुर्च्यांवर पसरले आणि नात त्या माणसांना पाण्याचे ग्लास नेऊन देऊ लागली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. तो वायर जोडत होता, आणि आता मधून मधून मान वर करत होता.

परतीच्या वाटेला जीपमध्ये मी विचारलं, "मग? ठरवलं का?"

"अजून नाही," म्हणाली. "उद्या फोन करणार आहे तो. परवा मी करणार आहे. एम. ए. पुरी करू देतील का ते विचारायचं आहे. आणि तो नेहमीच एवढा तुटक बोलतो का, का फक्त वायर हातात असली की, ते पण पाहायचं आहे."

"आणि तुझ्या बापाले काय सांगू? आठवड्यात उत्तर मागते तो."

ती खिडकीबाहेर पाहत हसत होती. "सांग, पोरगी पाहून राहिली."

मी घरी जाऊन मुलाला तेच सांगितलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. तिच्या तोंडावर जे हसू दिसलं त्यावरून हे जमणार असं तो समजला आणि पहिल्यांदा त्या गाडीच्या गोष्टीवर मोठ्यानं हसला. गादीच्या खुर्च्या मात्र त्यानं दुसऱ्याच दिवशी ज्याच्या त्याला परत नेऊन दिल्या.